शिरगणतीच्या रकान्याबाहेरचा बहिरा

माणसें मोजण्याचें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. डोकीं मोजतां येतात. परंतु कोणतें डोकें कोणत्या रकान्यांत घालावयाचें हें ठरवितांना राज्यकर्त्यांची समजूत, गणकाची घाई आणि घरमालकाची लाज अशा तीन गोष्टी एकत्र येतात, व त्यांच्या संगनमतानें जो आंकडा तयार होतो त्यास आपण पुढें इतिहास म्हणतों. प्रस्तुत लेखांत अशाच एका रकान्याची हकीकत सांगावयाची आहे. हा रकाना बहिऱ्यांचा. त्यांतही जो जन्मतः बहिरा नाहीं, ज्याचे कान वर्षानुवर्षें थोडे थोडे मंदावत जातात, त्या सामान्य माणसास या देशाच्या मोजदादींत केव्हां जागा मिळाली आणि ती किती उशिरां मिळाली, हें पाहण्यासारखें आहे.

आमच्या वऱ्हाडची मोजदाद पुष्कळ जुनी. निजामाशीं १८५३ सालीं झालेल्या तहानें हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, आणि सर्व हिंदुस्थानची एकसमयावच्छेदेंकरून गणती होण्याच्या बऱ्याच आधीं, म्हणजे १८६७ च्या नोव्हेंबरांत, वऱ्हाडांत स्वतंत्र शिरगणती झाली. अखिल हिंदुस्थानची तशी पहिली गणती १७ फेब्रुवारी १८८१ रोजीं झाली. तेव्हांपासून १९३१ पर्यंतच्या प्रत्येक शिरगणतींत शारीरिक व मानसिक व्यंगांचा एक रकाना असे. त्यांत चार व्यंगें नोंदविलीं जात : वेड, मूकबधिरत्व, अंधत्व आणि महारोग. बहिऱ्याची नोंद व्हावयाची ती मूकबधिर म्हणून, आणि तीही जन्मापासून तसा असेल तरच. पंचेचाळिसाव्या वर्षीं ज्याचे कान बसूं लागले व साठाव्या वर्षीं ज्याच्याशीं ओरडून बोलावें लागतें, त्याचा या रकान्याशीं कांहींएक संबंध नव्हता.

इतकेंच असतें तरी चाललें असतें. पण गोष्ट याहून पुढें जाते. गणक हे गांवचेच लोक. बहिरा म्हणजे बहिरा, त्यांत जन्माचा कोणता आणि वयाचा कोणता हा भेद करण्याइतकी सवड त्यांस नसे, म्हणून पुष्कळ ठिकाणीं म्हातारेकोतारेही या रकान्यांत शिरत. तेव्हां अहवाल लिहिणाऱ्या विद्वान अधिकाऱ्यांनीं या घुसखोरीचा शोध लावण्याची एक युक्ति काढली. मूकबधिरांचे आंकडे वयोमानाप्रमाणें मांडून पाहावयाचे, आणि उतारवयाच्या बाजूस ते फुगलेले दिसले कीं त्या प्रांतांतील नोंद सदोष समजावयाची. संख्याशास्त्राच्या दृष्टीनें ही युक्ति अगदीं बिनतोड आहे. कारण जन्मतः असणारें व्यंग म्हातारपणीं वाढण्याचें कारण नाहीं. परंतु तिचा अर्थ काय होतो पाहा. वयोवृद्ध बहिरा त्या तक्त्यांत मनुष्य म्हणून नव्हे, चूक म्हणून दिसत होता. आणि जितके वृद्ध बहिरे कमी, तितकी गणती शुद्ध.

आतां हे लोक खरोखरच थोडे होते असें मानावयास आधार नाहीं. आमचा बुलढाणा जिल्हाच घ्या. याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग आम्ही लोक नेहमीं करतों. घाटावर अजिंठ्याच्या डोंगररांगेचा मुलूख, आणि घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी कसदार जमीन व तींतला कापूस. जळगांव आणि खामगांव हे कापसाचे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यांत मोडत. खामगांवच्या कापसाचें महत्त्व एवढें, कीं जलंबहून तेथपर्यंत अवघ्या आठ मैलांचा लोहमार्ग स्वतंत्रपणें घालण्यांत आला आणि १८७० सालीं तो उघडण्यास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनें आले. पुढें वाफेवर चालणारे जिन व प्रेस आले. रेच्यांच्या रांगेपुढें उभें राहून दिवसचे दिवस कापूस घालणाऱ्या स्त्रीपुरुषांचे कान त्या घरघराटांत कसे राहिले असतील, याची कल्पना ज्यानें एकदां तरी चालू जिनांत पाऊल टाकलें आहे त्यास सहज करतां येईल. तेथें बोलणें होत नाहीं, खुणा होतात.

ही नुसती कल्पनाही नव्हे. गोंगाटानें कान जातात हें युरोपांत अठराव्या शतकाच्या प्रारंभींच रामाझ्झिनी नांवाच्या इटालियन वैद्यानें तांबटांच्या संबंधानें लिहून ठेविलें होतें. १८८६ मध्यें ग्लासगो शहरीं टॉमस बार या डॉक्टरानें बॉयलर बनविणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले, तेव्हां एकाचीही श्रवणशक्ति निर्दोष आढळली नाहीं. म्हणजे ज्या दशकांत आमच्याकडील वृद्ध बहिरा तक्त्यांतून वगळला जात होता, त्याच दशकांत कामाचा आवाज माणसास बहिरें करतो हें सिद्ध झालें होतें. ज्ञान एका दालनांत होतें आणि रकाना दुसऱ्या दालनांत होता.

आपल्या प्राचीन वैद्यकानें मात्र हा भेद ओळखला होता. सुश्रुतानें कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत व त्यांत बाधिर्य आणि कर्णनाद, म्हणजे कानांत आपोआप आवाज होत राहणें, हे निरनिराळे धरले आहेत. बाधिर्यावर त्यानें बिल्वतैलाचे कर्णपूरण सांगितलें. घरोघर कोमट तेल कानांत घालण्याची जी चाल पडली ती याच परंपरेंतली. परंतु वयानें किंवा गोंगाटानें होणारी हानि कानाच्या ज्या भागांत होते तेथपर्यंत तेल पोंचत नाहीं. आंतल्या कानांत गोगलगाईच्या शंखासारखी एक वळलेली नळी आहे; तींत सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या सुमारें पंधरा हजार पेशी असतात. या नळीच्या तोंडाशीं उंच पट्टीचे आवाज ग्रहण होतात व आंत टोंकाशीं खालच्या पट्टीचे. नळीवरील ध्वनिलहरींचा हा प्रवास दाखवून दिल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यास १९६१ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. या पेशी एकदां मेल्या कीं मनुष्यप्राण्यांत पुन्हां उगवत नाहींत, आणि साधारणतः त्या तोंडाकडून, म्हणजे उंच आवाजांच्या बाजूनें, मरूं लागतात.

मंद बहिरेपणाचें सगळें मर्म येथें आहे. बोलण्यांतील स्वर खालच्या पट्टींत असतात, ते ऐकूं येत राहतात; स, श, त, थ, ख, फ यांसारखीं व्यंजनें उंच पट्टींत व हलकीं असतात, तीं आधीं जातात. ऐकूं तर येतें, पण कळत नाहीं. 'सात', 'साठ' आणि 'आठ' हे तीन आंकडे मंद कानास जवळजवळ एकच आहेत. ज्याचा भाव ठरावयाचा आहे त्यास या तिहींतलें अंतर किती, हें सांगावयास नको. शिवाय हें सर्व इतक्या सावकाश होतें, कीं ज्याचे कान जातात त्यास आपले कान जात आहेत असें वाटत नसून जगानें तोंडांतल्या तोंडांत बोलावयास सुरुवात केली आहे असें वाटतें.

येथें लेखकानें स्वतःविषयीं दोन शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं, कारण या रकान्याच्या दोन्ही बाजूंस तो उभा राहिला आहे. मी घाटाखालच्या एका गांवीं इतिहासाचा शिक्षक होतों, आणि शिक्षक म्हटला कीं जनगणनेचें काम त्याच्या वांट्यास येतेंच. स्वातंत्र्योत्तर काळांत व्यंगांचा प्रश्न कित्येक गणत्यांतून गळालाच होता. १९८१ सालीं तो एकदां डोकावला, १९९१ सालीं पुन्हां गेला, आणि २००१ च्या फेब्रुवारींत तो परत आला तेव्हां प्रश्नावली माझ्या हातीं होती. त्या सूचनेंत असें होतें, कीं ज्यास मुळींच ऐकूं येत नाहीं किंवा केवळ मोठेच आवाज ऐकूं येतात तो बहिरा समजावा. परंतु श्रवणयंत्र लावून ज्यास ऐकूं येतें तो समजूं नये. एका घरीं ओट्यावर एक आजीबाई बसल्या होत्या. मीं त्यांचें वय विचारलें, तर त्यांनीं नातवाचें नांव सांगितलें. त्यांचा मुलगा हंसून म्हणाला, "ऐकूं येत नाहीं तिला, पण वयच झालं आतां तिचं, त्याचं काय लिहायचं, गुरुजी!" मलाही तें पटलें. मीं रकाना कोरा सोडला आणि पुढच्या घरीं गेलों. शंभर वर्षांपूर्वींच्या त्या अधिकाऱ्यांनीं माझी पाठच थोपटली असती.

पुढच्या दहा वर्षांत माझेच कान मंदावले. वर्गांत मागल्या बांकांवरून आलेला प्रश्न मी पुन्हां विचारावयास लावूं लागलों, आणि मुलांनीं त्याची थट्टा करण्याआधींच प्रश्न घेण्याचें बंद केलें. चारचौघांत विनोद झाला कीं इतरांचीं तोंडें पाहून मीही हंसत असें. कीर्तनास गेलों तर टाळमृदंग तेवढे कानीं पडत, निरूपण नाहीं. घरीं सौभाग्यवतीस प्रत्येक गोष्ट मोठ्यानें सांगावी लागे, आणि शेजाऱ्यांचा समज असा झाला कीं या वयांत या दोघांचें पटेनासें झालें आहे. मधल्या काळांत एका प्रदर्शनांत विकावयास मांडलेलें एक यंत्र कोणतीही तपासणी न करतां मीं विकत घेतलें होतें. त्यानें भांड्यांचा, पंख्याचा आणि मोटारींचा आवाज तेवढा तिप्पट केला, माणसाचा केला नाहीं. आठ दिवसांत तें कपाटांत गेलें.

२०११ च्या फेब्रुवारींत आमच्या घरीं गणक म्हणून माझेच एक सहकारी आले. त्यांनीं विचारलेला व्यंगाविषयींचा प्रश्न मला ऐकूं आला नाहीं. पत्नीनें तो मोठ्यानें पुन्हां सांगितला, आणि तो समजल्यावर मीं उत्तर दिलें, "कोणी नाहीं." सहकाऱ्यानें तसें लिहून घेतलें. प्रश्न दोनदां विचारावा लागला यांतच उत्तर होतें, हें आम्हां तिघांसही ठाऊक होतें. पण चहा येईपर्यंत कोणीच कांहीं बोललें नाहीं.

त्या वर्षींच्या सूचना बदलल्या होत्या हें मला पुढें कळलें. नित्याच्या संभाषणांत ज्यास ऐकण्याची अडचण पडते तो बहिरेपणाच्या रकान्यांत घ्यावयाचा होता, आणि यंत्र वापरणारासही यावेळीं वगळावयाचें नव्हतें. या बदलाचा परिणाम आंकड्यांवर काय झाला पाहा. २००१ सालीं सबंध भारतांत श्रवणदोष असलेलीं माणसें सुमारें १२ लक्ष ६० हजार भरलीं होतीं. २०११ सालीं तीं सुमारें ५० लक्ष ७० हजार भरलीं. दहा वर्षांत देशाचे कान चौपट बिघडले असें कोणी म्हणणार नाहीं. बदलली ती मुख्यतः व्याख्या. जे लोक आधींपासून होतेच, ते पहिल्यानें दिसूं लागले. आणि माझ्यासारख्यांनीं खोटें सांगूनही इतके दिसले, तर खरें सांगितल्यावर किती दिसले असते, याचा विचार वाचकांनीं करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणें जगांत दीडशें कोटि लोकांस कमीअधिक श्रवणदोष आहे, व त्यांपैकीं त्रेचाळीस कोटींस उपचाराची वा साधनाची गरज आहे.

लाज ही या हकीकतींतली खरी नायिका आहे, आणि ती केवळ आमच्याकडचीच नाहीं. चष्मा लावणारा विद्वान दिसतो, कानाला यंत्र लावणारा म्हातारा दिसतो, ही समजूत सर्वत्र सारखी. इंग्लंडांत हॅरिएट मार्टिनो नांवाची प्रसिद्ध लेखिका होऊन गेली. १८५७ च्या धामधुमींत तिनें हिंदुस्थानांतील इंग्रजी अमलावरही एक पुस्तक लिहिलें. ती तरुणपणींच बहिरी झाली होती व कर्ण्यासारखी श्रवणनलिका उघडपणें कानाशीं धरून लोकांत वावरत असे. १८३४ मध्यें आपल्यासारख्या बहिऱ्यांस उद्देशून तिनें एक अनावृत पत्र प्रसिद्ध केलें आणि लपवालपवी सोडून साधन वापरण्याचा उपदेश केला. त्याच्या उलट उदाहरण बेटोवेनचें. आपण बहिरे होत आहों हें लोकांस कळूं नये म्हणून तो कित्येक वर्षें माणसें टाळीत राहिला. १८०२ सालच्या एका पत्रांत ही व्यथा त्यानें भावांस लिहिली, पण तें पत्र पाठविलें नाहीं. त्याच्यासाठीं धातूचे कर्णे करण्यांत आले, आणि १८१८ पासून तर भेटणारे लोक त्याच्याशीं वह्यांतून लिहून बोलूं लागले. आपल्याकडे विनोबांसही उत्तरायुष्यांत ऐकूं येईनासें झालें होतें, आणि भेटावयास येणारे कागदावर प्रश्न लिहून देत. परंतु महात्म्याचें बहिरेपण त्यास शोभून दिसतें. संसारी मनुष्यास पोरींनीं मारलेली हांक ऐकूं आली पाहिजे.

कर्णा आवाज गोळा करतो, वाढवीत मात्र फारसा नाहीं. खरी वाढ विजेनें होऊं लागली. टेलिफोनचा जनक ग्रॅहॅम बेल याच्या आईस कमी ऐकूं येई व पत्नी लहानपणच्या तापानें पूर्ण बहिरी झालेली होती. बहिऱ्या मुलांस शिकविण्याच्या उद्योगांतूनच तो १८७६ च्या शोधापर्यंत पोंचला. त्याच टेलिफोनच्या तत्त्वावर अमेरिकेंत मिलर हचिसन यानें १८९८ च्या सुमारास विजेचें श्रवणयंत्र केलें, व इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा हिनें तें वापरल्यामुळें त्याचा गाजावाजा झाला. १९२० नंतर निर्वात नळ्यांचीं यंत्रें आलीं. त्यांची बॅटरी वेगळी बाळगावी लागे. १९४८ मध्यें ब्रिटननें आपल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेमार्फत असें यंत्र गरजूंस मोफत देण्यास आरंभ केला. १९४७ च्या डिसेंबरांत लागलेला ट्रॅन्झिस्टरचा शोध सामान्य माणसाच्या हातीं पहिल्यानें पडला तो १९५२ च्या अखेरीस, आणि तोही रेडिओच्या रूपानें नव्हे, तर श्रवणयंत्राच्या रूपानें. १९९६ पासून पूर्णपणें अंकीय यंत्रें बाजारांत आलीं. म्हणजे कानामागें बसणाऱ्या त्या वस्तूंत एक लहानसा संगणकच आला. आपल्या देशांत म्हैसूर येथें १९६५ सालीं आणि मुंबईस १९८३ सालीं या विषयाच्या राष्ट्रीय संस्था निघाल्या. गरजूंस साधनें देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ ची, व बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ चा.

ही वंशावळ सांगण्याचें प्रयोजन हें, कीं माझें पहिलें यंत्र कां फसलें तें तींत स्पष्ट होतें. तें नुसता आवाज वाढविणारें होतें; जणूं विजेचा कर्णाच. माझी हानि मात्र सर्व पट्ट्यांत सारखी नव्हती. पुढें नातीच्या हट्टामुळें मी रीतसर तपासणीस गेलों. बंद खोलींत कानांवर निरनिराळ्या पट्टींचे सूक्ष्म सूर सोडून एक आलेख काढण्यांत आला. त्यावरची रेघ डावीकडे बरीच वर होती आणि उजवीकडे घाट उतरावा तशी खालीं आली होती. बऱ्या कानाची सरासरी हानि पंचावन्न डेसिबेल निघाली. १९९५ च्या कायद्यानें ही मर्यादा साठाची धरली होती, व २०१६ च्या नव्या कायद्यानेंही ऐकण्यास कठीण जाणाऱ्याची सुरुवात साठापासूनच केली आहे. म्हणजे जनगणनेच्या व्याख्येनें मी बहिरा, घरच्यांच्या अनुभवानें बहिरा, आणि कायद्यानें पांच डेसिबेलनीं शहाणा!

त्या आलेखाप्रमाणें यंत्राची मांडणी करण्यांत आली : जेथें घाट उतरला होता तेथें भर घातली, जेथें सपाटी होती तेथें कांहीं केलें नाहीं. तरीही पहिले दोन आठवडे कष्टाचे गेले. मेंदू वर्षानुवर्षें जे आवाज विसरला होता ते त्यास पुन्हां ओळखून घ्यावे लागतात. वर्तमानपत्राचें पान उलटतांना होणारी खसखस मला वीज कडकडल्यासारखी वाटे. तीन वेळां जाऊन मांडणी बदलून घेतली. यंत्रानें तरुणपणचे कान परत दिले असें मी म्हणणार नाहीं; लग्नाच्या पंगतींत आजही मी हरवतों, आणि पावसांत व घामांत त्याची जपणूक करावी लागते. पण एके रात्रीं अंगणांत बसलों असतां मला रातकिडे ऐकूं आले. ते बंद झाले होते हेंच मला ठाऊक नव्हतें. आंत पत्नी मुलीशीं फोनवर बोलत होती, साध्या आवाजांत. कित्येक वर्षांत मीं तिचा साधा आवाज ऐकला नव्हता.

तेव्हां त्या ओट्यावरच्या आजीबाईंची आठवण झाली. त्यांचें पुढें काय झालें तें सांगतां येण्यासारखें नाहीं. पण २००१ च्या कागदांत त्यांचे कान शाबूत आहेत, आणि ते मीं शाबूत ठेविले आहेत. कोऱ्या रकान्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं असें आपणांस वाटतें. परंतु जें मोजलें जात नाहीं त्यासाठीं तज्ज्ञ नेमला जात नाहीं, तपासणीची खोली बांधली जात नाहीं, आणि खर्चाची तरतूद होत नाहीं. मग घाटावरच्या एखाद्या खेड्यांतील म्हातारा प्रदर्शनांतलें यंत्र घेतो, कपाटांत टाकतो, आणि आपल्या ओट्यावर एकटा बसतो.

२०२१ ची जनगणना महामारीमुळें पुढें गेली. तिच्यासाठीं आतां १ मार्च २०२७ हा संदर्भदिन सरकारनें जाहीर केला आहे. गणक आमच्या दारीं येईल तेव्हां त्यानें हा प्रश्न विचारावा अशी माझी इच्छा आहे. त्यानें तो एकदांच विचारला तरी पुरे होईल. मला तो ऐकूं येईल, आणि या वेळीं मी खरें उत्तर देईन.